एक ग्रॅम

अठ्ठावन्न वाघिणींतून मला लागतो एक ग्रॅम.
ढीग करून चौथाई केलेला, पुन्हा चौथाई, पुन्हा,
दळून चाळलेला, काजळासारखा,
पण डोळ्यात घालवत नाही.
तो निकेलच्या वाटीत,
वाटी पोलादी बॉम्बमध्ये,
वर तीसपट दाबाचा प्राणवायू.
हा 'बॉम्ब' घरी सांगितला तेव्हा
अम्माने महिनाभर मार्कंडेयापुढे दिवा लावला होता.

बटण दाबते.
काहीच ऐकू येत नाही.
भोवतीच्या बादलीतलं पाणी तेवढं तापतं,
दीड अंश. कधी जरा कमी.
एवढ्याच दीड अंशासाठी म्हणे
देशोदेशीचे मंत्री रात्र रात्र बसतात.
मी रजिस्टरात लिहिते आणि चहाला जाते.
राख अडतीस टक्के. ओल नऊ. शेरा : ठीक.
सही : श्रीलता वडनाल.

फताटेवाडीच्या वाटेवरून दिसते ती चिमणी.
लोकांना वाटतं धूर तिथून सुरू होतो.
कॉलेजात कुलकर्णी सर सांगायचे,
जळालं म्हणजे संपलं असं समजू नका,
कोळसा वर जाताना हवेतलं कुणीतरी सोबत घेतो
आणि होता त्याहून जड होऊन जातो.
परीक्षेत यावर दोन मार्क होते.

रविवारी नरहरी आला, अक्कलकोट रोडवरून,
कानात अजून आठ लूम वाजत असल्यासारखा मोठ्याने बोलत.
"अक्का, बघ की हे जर्मनीचं!
माप दिलं, पक्का रंग दिला,
आता म्हणतेत, एका टॉवेलला धूर किती, लिवा.
टॉवेल काय विडी ओढतोय व्हय?"

अम्मा सुपावरून मान वर न करता हसली.
पन्नास वर्षं पानं कापून तिच्या छातीत जे साठलंय
त्याला त्या फॉर्मात रकाना नव्हता.

मी पेन्सिल घेतली.
लूमचं मीटर, रंगखात्याचा बॉयलर,
सूत आणणाऱ्या ट्रकचं डिझेल,
आणि विजेच्या प्रत्येक युनिटामागे
माझ्याच रजिस्टरातले आकडे, माझ्याच अक्षरात,
चपला काढून घरात आलेले.

टॉवेल भरला साडेतीनशे ग्रॅम.
धूर, दोन किलोला थोडा कमी.
पुन्हा मांडलं. तेच.

नरहरीने एका तळहातावर टॉवेल घेतला,
दुसरा तळहात रिकामा ठेवला,
आणि हळूहळू
रिकामा हात खाली जाऊ दिला.

"थोडं कमी लिव की."

ठेकेदाराला मी अर्धा टक्का राख कधी सोडली नाही.
भावाला दोन किलो कशी सोडू?
पण लिहिताना हात जड झाला, हे खरं.
हॅम्बुर्गला कुणीतरी आंघोळ करून
या टॉवेलाने तोंड पुसेल
आणि आमचा आकडा वाचून मान हलवेल.
आमच्या नळाला पाणी पाचव्या दिवशी येतं,
हे त्याने विचारलेलं नाही.

तेवढ्यात लाईट गेली.
त्रेचाळीस अंशांची दुपार, पंखा थांबला,
आणि पूर्ण गल्लीतले लूम एकदम गप्प.
मग कळलं, अम्माची कात्री
इतकी वर्षं आवाज करत होती.
नरहरी दारात जाऊन वीजवाल्यांच्या सात पिढ्या काढू लागला.
मी शांतपणे ऐकून घेतलं,
त्यातली एक पिढी मी होते.

अकरा मिनिटं.
या अकरा मिनिटांचा धूर वजा करावा का,
पेन्सिल कागदावर टेकलेली,
तोच खडखडाट परत आला.
नरहरीच्या आधी
मीच हुश्श केलं.

उद्याची गाडी होटगीला सिग्नलवर उभी आहे,
असा साइडिंगवरून मेसेज आहे.
अठ्ठावन्न वाघिणी.
डबा लवकर करायला हवा.